रुसलेले इंजिन

आश्विन महिना लागला की वैनगंगेच्या खोऱ्यातील भारी धान निसवू लागते. बालाघाट शहराजवळच्या भरवेली गावाच्या परिसरात एका अंगाला मँगनीजची खाण आणि दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या असे दृश्य नजरेस पडते. येथील खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. 1962 साली स्थापन झालेली आणि नागपुरास मुख्यालय असलेली ‘मॉइल’ ही कंपनी ती चालविते. घरातील एक माणूस खाणीच्या पाळीवर जातो आणि उरलेली मंडळी शेताकडे पाहतात, अशा घरांत वेळेला मोठी किंमत असते. पावसाने भाद्रपदातच पाठ फिरविली, तर लोंबी बाहेर पडण्याच्या ऐन वेळी बांधी भेगाळू लागते. धानाच्या सबंध आयुष्यात पाण्याची ओढ सर्वाधिक बाधते ती याच दिवसांत. फुलोऱ्याच्या वेळी पाणी चुकले, तर पुढे कितीही पाणी दिले तरी पोचट लोंबीत दाणा भरत नाही.

अशा वेळी पडवीच्या कोपऱ्यातून पेट्रोलवर चालणारा लहान पंप बाहेर काढला जातो. नाल्याच्या काठावर तो मांडला जातो, नळी पाण्यात सोडली जाते आणि दोरी ओढली जाते. एकदा, दोनदा, दहादा ओढली तरी इंजिन हूं की चूं करीत नाही. भोवती जमलेल्या मंडळींपैकी एक जण प्लगला दोष देतो, दुसरा कार्बोरेटर उघडावयास सांगतो, तर तिसरा पाना घेऊन हाताला लागेल तो स्क्रू फिरवू लागतो. तासाभराने मूळचा एक दोष तसाच राहून त्यात आणखी तीन दोषांची भर पडलेली असते, आणि सांजवेळी इंजिन सायकलीला किंवा मोटारसायकलीला बांधून बालाघाटच्या मिस्त्रीकडे नेण्याची पाळी येते. मिस्त्री टाकीतले पेट्रोल ओतून टाकतो, नवे घालतो आणि इंजिन सुरू करून देतो. दिवस मात्र हातचा गेलेला असतो.

इंजिन रुसले असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः यंत्राला राग नसतो आणि लहरही नसते. त्याच्या काही ठरावीक गरजा असतात. त्यांपैकी एक जरी अपुरी राहिली तरी ते चालू होत नाही आणि सर्व पुरविल्या तर चालू झाल्यावाचून राहत नाही. म्हणून दोष शोधावयाचा तो अंदाजाने नव्हे, तर क्रमाने. हा क्रम एकदा ध्यानात आला म्हणजे शेतातला पंप, मैदानावरचे गवत कापण्याचे यंत्र आणि निंदणीचे लहान यंत्र यांची दुखणी सारख्याच रीतीने ओळखता येतात. कारण या तिन्हींच्या पोटात एकाच कुळातले इंजिन असते.

या कुळाचा इतिहास थोडक्यात असा. गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडमधील एडविन बडिंग या कारागिराने 1830 साली प्रथम तयार केले. लोकरी कापडावरचे वर आलेले तंतू कातरणारे फिरते पाते गिरणीत पाहून त्याला ही कल्पना सुचली. ते यंत्र माणसाने ढकलावयाचे होते. पुढे 1876 साली जर्मनीत निकोलाउस ओटो याने चार टप्प्यांत काम करणारे इंजिन यशस्वी करून दाखविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी असे इंजिन गवत कापणाऱ्या यंत्रावर चढले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ‘इंजिन’ म्हटले की किर्लोस्करांचे डिझेल इंजिन आठवते. त्या इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली जाऊन इतकी तापते की तीत शिरलेले डिझेल आपोआप पेटते. येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या धाकट्या भावंडाचा, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी यांवर चालणाऱ्या लहान इंजिनाचा.

त्याचे चार टप्पे असे. दट्ट्या खाली येताना पेट्रोलची वाफ मिसळलेली हवा सिलिंडरमध्ये ओढली जाते. दट्ट्या वर जाताना ती दाबली जाते. दाब पुरता झाला असता प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळालेला धूर बाहेर टाकतो. यावरून इंजिनाच्या गरजा उघड होतात : योग्य इंधन, पुरेशी हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि मिश्रण दाबून धरणारा बंदिस्त सिलिंडर. इंधन आणि हवा यांचेही प्रमाण असते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जळावयास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. हे प्रमाण फार बिघडले तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही.

पाना हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी नुसत्या डोळ्यांनी पाहावयाच्या. इंजिनाचे बटण चालू बाजूस आहे काय? पेट्रोलचा कॉक उघडला आहे काय? इंजिन थंड असेल तर चोक बंद केला आहे काय? आणि चौथी गोष्ट, जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : इंजिनातले ऑइल पुरेसे आहे काय? आजच्या पुष्कळ लहान इंजिनांत ऑइलची पातळी उतरताच ठिणगी तोडून टाकणारी योजना असते. दट्ट्या कोरडा घासून इंजिन जळू नये, हा तिचा हेतू. परंतु पंप उतरत्या बांधावर तिरका मांडला तरीही ऑइल एका बाजूस जाऊन हीच योजना काम करू लागते. धडधाकट इंजिन तेवढ्यासाठी मुके राहते आणि सपाट जागेवर ठेवताच सुरू होते. अशा वेळी ज्याने अगोदरच कार्बोरेटर उघडला असेल, त्याला आपले श्रम व्यर्थ गेल्याचे कळते.

या चार गोष्टी ठीक असूनही इंजिन सुरू झाले नाही, तर प्रथम संशय घ्यावयाचा तो पेट्रोलचा. उन्हाळी धानानंतर किंवा रोवणीनंतर जे इंजिन ठेवून दिलेले असते, त्याच्या टाकीत बहुधा थोडे पेट्रोल उरलेले असते. महिना दोन महिन्यांत त्यातला चटकन उडून जाणारा अंश निघून जातो. थंड इंजिनात प्रथम पेटतो तो नेमका हाच अंश. मागे राहिलेले पेट्रोल जड होते आणि त्याचा डिंकासारखा चिकट थर कार्बोरेटरच्या तळाशी बसतो. त्यात आता नवी गोष्ट अशी की, भारतात पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचे प्रमाण 2025 साली 20 टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. उसापासून, मक्यापासून आणि तांदळापासूनही काढले जाणारे हे इथेनॉल पाण्याशी चटकन एकरूप होते. पावसाळ्यातील दमट हवा अर्धवट भरलेल्या टाकीत शिरते आणि तिच्यातील ओलावा इथेनॉल शोषून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, म्हणजे पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी जमतात. इंजिनाकडे जाणारी वाट तळातूनच निघत असल्यामुळे त्याच्या वाट्याला प्रथम येते ते हे न पेटणारे पाणीच. टाकी भरलेली दिसते, पेट्रोलचा वासही येतो, तरीही इंजिन सुरू होत नाही, याचे कारण हे आहे.

याची परीक्षा सोपी आहे. कार्बोरेटरच्या वाटीखाली एक लहान स्क्रू असतो. तो सैल करून थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत धरावे आणि उजेडात पाहावे. तळाशी वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब दिसले तर ते पाणी समजावे. पेट्रोल काळपट असेल आणि त्याला वॉर्निशसारखा वास येत असेल तर ते शिळे झाले आहे. दोन्ही प्रसंगी टाकी आणि वाटी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल घालावे. शिळ्यात ताजे मिसळून काम भागविण्याचा मोह टाळावा. स्क्रू सैल करूनही पेट्रोल वाहिलेच नाही, तर दोष वरच्या अंगाला, म्हणजे कॉक, नळी किंवा गाळणी यांत आहे. अशा वेळी टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असते. ते धुळीने बुजले, तर पेट्रोल खाली उतरू शकत नाही. इंजिन सुरू होऊन पाचदहा मिनिटांनी बंद पडत असेल आणि झाकण सैल केल्यावर चालत असेल, तर दोष या भोकाचा आहे हे निश्चित समजावे.

पेट्रोल ताजे आहे, वाटीपर्यंत येतेही आहे, तरी इंजिन सुरू होत नाही. आता दोष इंधनाचा की ठिणगीचा, हे ठरविणारी एक कसोटी आहे. ती माहीत असेल तर निम्मे श्रम वाचतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये पेट्रोलचे चारपाच थेंब सोडावेत, प्लग पुन्हा बसवावा, सांडलेले पेट्रोल पुसून वाळू द्यावे आणि दोरी ओढावी. इंजिन दोन क्षण धडधडून बंद पडले, तर ठिणगी आणि दाब ठीक आहेत. दोष पेट्रोल पोहोचण्यात आहे आणि बहुधा कार्बोरेटरच्या जेटमध्ये डिंक बसला आहे. इंजिन मुळीच धडधडले नाही, तर कार्बोरेटरला हात न लावता ठिणगीकडे वळावे. जेटचे भोक टाचणीच्या टोकाएवढे बारीक असते. ते स्वच्छ करताना पोलादी तार घालू नये. भोक मोठे झाले तर मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. विजेच्या वायरमधील तांब्याचा एखादा मऊ तंतू त्यास पुरतो.

ठिणगीची परीक्षा प्लगपासून सुरू होते आणि काढलेला प्लग स्वतःच बरेच काही सांगतो. तो पेट्रोलने चिंब ओला असेल तर इंजिनाला पेट्रोल गरजेपेक्षा अधिक झाले आहे. चोक बंद ठेवून वीसवीस वेळा दोरी ओढणाऱ्याच्या हातून हे हमखास घडते. प्लग पुसून कोरडा करावा, बटण बंद ठेवावे, चोक उघडावा आणि प्लगवाचून दहा वेळा दोरी ओढून सिलिंडर कोरडा होऊ द्यावा. प्लग अगदी कोरडा असेल तर पेट्रोल आतपर्यंत आलेलेच नाही. त्यावर काळी भुकटी असेल तर हवा अपुरी पडते आहे. तेलकट काजळी असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये चढते आहे. प्लगच्या दोन टोकांतील अंतर बहुतेक लहान इंजिनांत 0.7 ते 0.8 मिलिमीटर असते. नेमका आकडा इंजिनासोबत आलेल्या पुस्तिकेत पाहावा.

प्लग स्वच्छ करून टोपीत बसवावा, त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवावे, बटण चालू करावे आणि सावलीत दोरी ओढून पाहावे. टोकाशी निळसर, टणक ठिणगी दिसावयास हवी. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा, जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे आणि प्लग उघड्या हाताने न धरता रबरी मुठीच्या पक्कडीने धरावा. कारण हा विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो. येथे आणखी एक बारकावा आहे. मोकळ्या हवेत ठिणगी सहज पडते, पण दाबलेल्या हवेत पडावयास अधिक जोर लागतो. म्हणून बाहेर ठिणगी दाखविणारा जुना प्लग आत मात्र दगा देऊ शकतो. नव्या प्लगची किंमत अल्प असते. म्हणून एक नवा प्लग घरात ठेवणे आणि संशय येताच तो लावून पाहणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय. नव्या प्लगलाही ठिणगी नसेल, तर बटणाची वायर कोठे उघडी पडून लोखंडाला टेकत नाही ना, हे पाहावे. घरात ठेवलेल्या यंत्राची वायर उंदरांनी कुरतडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तेथेही दोष नसेल तर विजेची गुंडाळी निकामी झालेली असते, आणि ते काम मिस्त्रीचे.

हवेच्या वाटेकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. हवेची गाळणी उघडून पाहिली असता तीत भाताचा पेंढा भरून उंदराने केलेले घर सापडते. धूर बाहेर जाणाऱ्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घरटे लिंपलेले असते. श्वास घ्यावयाची आणि सोडावयाची अशा दोन्ही वाटा मोकळ्या नसतील, तर बाकी सर्व काही उत्तम असूनही इंजिन चालणार नाही. गाळणी स्पंजाची असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावी. कागदाची असेल तर ती न धुता हलकेच झटकावी किंवा बदलावी.

राहिला दाब. दोरी हळूहळू ओढली असता एका ठिकाणी हाताला अटकाव जाणवावयास हवा. काही इंजिनांत सुरू करणे सोपे व्हावे म्हणून हा अटकाव मुद्दाम कमी केलेला असतो, हे खरे. परंतु कशाही रीतीने ओढली तरी दोरी सुतासारखी सरळ येत असेल, तर झडप अडकली आहे किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत असे समजावे. येथे शेतकऱ्याचे काम संपते आणि मिस्त्रीचे सुरू होते. उलट दोरी मुळीच हलत नसेल, तर ती बळाने ओढू नये.

गवत कापणाऱ्या यंत्राची एक वेगळी गोष्ट सांगावयास हवी. त्याचे पाते थेट इंजिनाच्या दांड्यावर बसविलेले असते. ओले गवत पात्याभोवती थापून बसले की दोरी जड लागते. लपलेल्या दगडावर पाते आपटले, तर इंजिनाच्या चाकाला दांड्यावर नेमक्या जागी धरणारी लहानशी चावी तुटते आणि चाक किंचित सरकते. मग ठिणगी असते, पेट्रोल असते, दाबही असतो. परंतु ठिणगी अवेळी पडते आणि दोरी हाताला उलटा हिसका देते. दगडावर आपटून बंद पडलेले यंत्र सुरू होत नसेल, तर पहिला संशय या चावीचा घ्यावा. तसेच, पात्याखाली हात घालण्यापूर्वी प्लगची टोपी काढून ठेवावी. इंजिन बंद असले तरी पाते हाताने फिरविताच ते क्षणभर पेट घेऊ शकते, आणि बोटे जावयास तो एक क्षण पुरतो.

ज्या जुन्या पंपांना पेट्रोलची आणि रॉकेलची अशा दोन टाक्या असतात, त्यांचे रुसणे बहुधा आदल्या संध्याकाळी ठरलेले असते. रॉकेलची वाफ थंड इंजिनात नीट होत नाही. म्हणून इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घेतात. बंद करताना मात्र घाईघाईने रॉकेलवरच थांबविले, तर कार्बोरेटरची वाटी रॉकेलने भरलेली राहते आणि सकाळी इंजिन सुरू होत नाही. बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालविणे, एवढाच यावर उपाय आहे.

इंजिन सुरू झाले म्हणजे सर्व चिंता मिटली, असे मात्र नाही. पंप पाणी खेचतो तो हवेच्या दाबाच्या आधाराने. तत्त्वतः हा दाब पाणी सुमारे 10 मीटर चढवितो. व्यवहारात सातेक मीटरपलीकडे पाणी चढत नाही. विहिरीचे पाणी त्याहून खाली गेले म्हणजे काही जण पंपच दोरांनी विहिरीत उतरवितात आणि आतल्या फळीवर चालवितात. ही गोष्ट प्राणघातक आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्ताला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि माणूस ओरडण्यापूर्वीच शुद्ध हरपतो. इंजिन का बंद पडले हे पाहण्यासाठी एक जण उतरतो, तो वर येत नाही म्हणून त्याच्यामागे दुसरा उतरतो, आणि एका विहिरीत दोन दोन जीव जातात. खाणीत उतरणाऱ्या कामगाराला हवेची किंमत सांगावी लागत नाही. तेथे हवा खेळती ठेवण्यासाठी स्वतंत्र योजना असते. विहिरीत ती नसते. इंजिन बंद केल्यानंतरही तो धूर आत कोंडून राहतो. म्हणून पेट्रोलचे इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये, आणि कोणी आत कोसळलाच तर मागोमाग न उतरता वरूनच मदत मागवावी. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालवून पाहणेही असेच धोक्याचे आहे.

या साऱ्याचा विचार केला असता असे दिसून येते की, बहुतेक इंजिने शेतात बिघडत नाहीत; ती पडवीत, न वापरलेल्या महिन्यांत बिघडतात. म्हणून उपायही तेथेच आहे. हंगाम संपताच टाकी रिकामी करावी, उरलेल्या पेट्रोलवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि वाटीचा स्क्रू सैल करून राहिलेला थेंबही काढून टाकावा. ऑइल बदलावे. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, दोरी एकदोनदा हलकेच ओढावी आणि प्लग परत बसवावा. धुराच्या नळीला व गाळणीला फडके बांधावे, आणि पुढे सुरू करताना ते आठवणीने सोडावे. या कामाला अर्धा तास लागत नाही.

त्याहीपुढे, इंजिनाची गरज पडण्याच्या पंधरा दिवस आधी ते एकदा सुरू करून पाहावे. भाद्रपदात सापडलेला दोष बाजाराच्या दिवशी सवडीने दुरुस्त करता येतो. तोच दोष आश्विनात, लोंबी बाहेर पडत असताना आणि नाल्याचे पाणी रोज बोटभर उतरत असताना सापडला, तर त्याचा भुर्दंड मिस्त्रीच्या मजुरीत मोजता येत नाही. तो खळ्यावर, पोत्यांच्या संख्येत मोजावा लागतो.